गाव सोडलेल्यांची आडनावे

गेल्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयातील दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आली. जात पडताळणीसाठी तिने जमविलेले कागद होते ते. पहिला कागद आजोबांच्या जन्माच्या नोंदीचा, कोतवाल बुकातील नक्कल. त्यात आजोबांच्या वडिलांच्या नावाला 'नाक' जोडलेले, आडनाव नाही. दुसरा कागद आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील उतारा. त्यात त्यांचे नाव, बापाचे नाव आणि आडनावाच्या जागी 'महार'. तिसरा कागद वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला. त्यात गावावरून घेतलेले, शेवटी 'कर' असलेले आडनाव आणि धर्म बौद्ध. एका कचेरीतील कारकुनाने हे कागद पाहून तिला सांगितले होते, "ही तीन वेगवेगळी घराणी आहेत."

तिने मला विचारले, "सर, मग आमचं खरं आडनाव कोणतं?"

मी इतिहास शिकवतो. शिवकाल, पेशवाई, कंपनी सरकार, सन आणि सनावळ्या सारे शिकवतो. पण या प्रश्नाला माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. माझ्या आजोबांच्या कागदांची अवस्था याहून वेगळी नाही. तेव्हा त्या मुलीला जे उत्तर द्यायला हवे होते, ते शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

१

आडनाव म्हणजे घराण्याचे रक्त, असे आपल्याकडे समजले जाते. महाराष्ट्रातील आडनावांची नुसती यादी डोळ्यांखालून घातली तरी ही समजूत टिकत नाही. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, चौघुले, पोतदार, इनामदार, सबनीस ही आडनावे पाहा. यांत रक्ताचा काय संबंध? ही पदे आहेत, हुद्दे आहेत. पाटीलकीचे वतन ज्याच्या घरी राहिले तो पाटील झाला, गावाचे दप्तर ज्याच्या घरी राहिले तो कुलकर्णी झाला. वतन पिढ्यान्‌पिढ्या चालले आणि हुद्द्याचे आडनाव झाले. बलुतेदारांचेही तेच. सुतार, लोहार, कुंभार, गुरव, जोशी ही कामे आज आडनावे म्हणून मिरवतात.

आता महाराकडे या. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला. त्यातला गाव डोळ्यांपुढे आणा. महार हा वतनदारच होता. गावाची शीव त्याला ठाऊक, शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष धरली जाई. सरकारी सारा तालुक्याला पोचविण्यासाठी सोबत तोच जाई. येणाऱ्याजाणाऱ्या अंमलदाराची सरबराई, दवंडी, सांगावा, मेलेले ढोर ओढणे, सारे त्याच्याकडे. मोबदल्यात हाडोळ्याची जमीन आणि घरोघरचा भाकरतुकडा. पाटलाचे वतन हा अधिकार होता, महाराचे वतन ही वेठ होती. पण कागदोपत्री दोन्ही वतनेच. मुंबई सरकारच्या १८७४ च्या वतन कायद्यात दोघेही होते. त्या कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. ही वेठ कायद्याने संपली ती १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलन कायद्याने.

म्हणजे वतन दोघांनाही होते. मग पाटलाच्या पदाचे आडनाव झाले आणि महाराच्या पदाचे का झाले नाही? कारण उघड आहे. पाटलाने 'पाटील' हे नाव स्वतः मिरवले. 'महार' हे नाव दुसऱ्याने चिकटवले. दप्तर लिहिणाऱ्याच्या दृष्टीने या माणसाला जात होती, काम होते, घराणे नव्हते. मुंबई इलाख्यातील जुन्या शाळांची रजिस्टरे चाळा. पाटलाच्या मुलापुढे घराण्याचे आडनाव आढळेल. आपल्या मुलापुढे आडनावाच्या जागी जातच लिहिलेली पुष्कळदा आढळेल. त्या मुलाच्या घराला कूळ नव्हते का? होते. लग्न जमविताना म्हाताऱ्या बाया ते कूळ आणि देवक बिनचूक सांगत. पण मास्तरांनी ते विचारले नाही आणि बापाला ते सांगण्याची हिंमत झाली नाही. एकाला वतनाने आडनाव दिले, दुसऱ्याचे वतनाने पुसले. मराठी आडनावांच्या इतिहासातील ही पहिली गोष्ट.

२

या पुसण्याच्या आधीची एक खूण दगडावर राहिली आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे लढाई झाली. तेथील विजयस्तंभावर पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. त्यांतील २२ नावे 'नाक' या प्रत्ययाची आहेत. दरवर्षी आपण लाखोंच्या संख्येने तेथे जातो. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले, त्यानंतर या दिवसाला आजचे रूप आले. मानवंदना देऊन झाल्यावर थोडे थांबून त्या नावांची घडण पाहावी, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. सोमनाक कमळनाक. रामनाक येसनाक. आधी स्वतःचे नाव, मग बापाचे, आणि दोन्हींना 'नाक'. आडनाव नाही.

'नाक' म्हणजे काय, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. कोणी तो 'नायक' शब्दाचा अपभ्रंश मानतात, कोणी नागवंशाशी जोडतात. माझा मुद्दा त्या व्युत्पत्तीचा नाही. मुद्दा एवढाच की 'नाक' हा त्या काळी उघडपणे लावला जाणारा प्रत्यय होता. खर्ड्याच्या १७९५ च्या लढाईशी ज्याचे नाव जोडले जाते, तो शिदनाकही त्याच परंपरेतला. पलटणीच्या हजेरीपटात ही नावे होती आणि त्या नावांना पगार होता, पेन्शन होते.

पुढे काय झाले? गोपाळबाबा वलंगकरांचे नाव पाहा. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला हा माणूस. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहून अस्पृश्यतेला आधार देणाऱ्यांना जाब विचारला. त्यांचे पूर्ण नाव गोपाळनाक विठ्ठलनाक वलंगकर. या एका नावात दोन काळ शेजारी उभे आहेत. दोन 'नाक' मागच्या काळातले, एक 'कर' पुढच्या काळातला. १८९२-९३ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. ज्या नावाला सरकारदरबारी शिपायाचा मान होता, ते नाव आता नुसती जात सांगू लागले. त्यानंतरच्या दोन पिढ्यांत 'नाक' सरले, यामागे हे कारण असावे असे माझे मत आहे. नाव तेच राहिले, पण त्या नावाच्या पाठीशी असलेली पलटण गेली.

३

आपल्या आडनावांचा दुसरा गट कुळांचा. जाधव, मोरे, शिंदे, पवार, गायकवाड, साळवे, साळुंखे, चव्हाण. ही आडनावे मराठ्यांत आहेत, महारांत आहेत, मांगांत, चांभारांत, धनगरांतही आहेत. जावळीचे चंद्रराव मोरे शाळेच्या पुस्तकात असतात. शिवाजी महाराजांनी १६५६ साली जावळी घेतली, हे पोरे पाठ करतात. १९२७ च्या महाडच्या परिषदेसाठी ज्यांनी घरदार विसरून खपले ते कॉम्रेड रामचंद्र बाबाजी मोरे पुस्तकात नसतात. आडनाव एकच. क्रांतिगुरू लहुजी साळवे मातंग समाजातले, आणि साळवे हे आडनाव महारांतही आहे, ख्रिस्ती झालेल्यांतही आहे. साठे म्हटले की पुण्यातला पेठेतला माणूस डोळ्यांपुढे आणण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांना आठवावे.

हा सारखेपणा कसा आला? गावात आणि पुस्तकातही एक उत्तर ठरलेले असते: नोकराने मालकाचे आडनाव घेतले. या उत्तराचा एक विशेष आहे. ते नेहमी वरून खालीच येते. मूळ नाव वरच्याचे आणि खालच्याने ते उचलले, हे पुरावा न देता गृहीत धरले जाते. शहाण्णव कुळांच्या याद्या पाहिल्या तर त्या एकमेकींशी जुळत नाहीत. कोणते कूळ आत आणि कोणते बाहेर याचा वाद खुद्द मराठ्यांतच पुरातन आहे. जे स्वतःच इतके हलते आहे, ते मूळ आणि बाकीचे नकला, असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

दुसरे उत्तर आपल्यातल्याच काहींनी दिले: आम्ही मूळचे क्षत्रिय, दुष्काळात किंवा शापाने पतित झालो. वलंगकरांच्या पिढीने लष्करभरतीसाठी अर्ज करताना हा युक्तिवाद वापरला. त्या वेळची ती गरज होती. मी त्यांना दोष देत नाही. पण आज तो युक्तिवाद चालवणे म्हणजे शिडीवर एक पायरी वर मागणे, आणि शिडी तशीच ठेवणे होय.

बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात याच कुळांकडे वेगळ्या नजरेने पाहिले. अस्पृश्य हे निराळ्या वंशाचे आहेत का, हा त्यांचा प्रश्न होता. मराठ्यांतील कुळे आणि महारांतील कुळे ताडून पाहता एकात असलेले कूळ दुसऱ्यात नाही असे क्वचितच घडते, असे त्यांनी दाखविले आणि अस्पृश्यतेचा वंशाशी संबंध जोडणारा सिद्धान्त त्यांनी खोडून काढला. 'आम्हीही तुमच्यासारखे थोर' हा त्यातला निष्कर्ष नाही. तुमच्या-आमच्यात रक्ताची भिंत नाही, तेव्हा गावकुसाची जी भिंत आहे ती माणसांनी बांधलेली आहे, असा तो निष्कर्ष आहे. माझ्या समजुतीप्रमाणे आपल्या सामाईक आडनावांचा खरा उपयोग हा आहे.

विदर्भात गेले तर हेच दुसऱ्या दिशेने दिसते. मेश्राम हे आडनाव तेथे आपल्या समाजात घरोघर आहे. शेजारच्या आदिलाबाद भागातील केसलापूरची नागोबाची जत्रा ही गोंडांतील मेश्राम कुळाची जत्रा आहे. पश्चिम महाराष्ट्रात ज्या कुळांची टोके मराठ्यांकडे जातात, तीच टोके पूर्वेकडे आदिवासींकडे जातात. म्हणजे महार ही एका साच्यातून निघालेली जात नव्हे. ज्या ज्या प्रदेशात माणसे गावाबाहेर ठेवली गेली, त्या त्या प्रदेशातल्या कुळांची ती माणसे होती. आडनाव हे प्रदेशाचा इतिहास सांगते ते असे.

४

तिसरा गट 'कर' वाल्यांचा, आणि त्या मुलीचे आडनाव याच गटातले. येथे एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी. गावात राहणाऱ्या माणसाला कोणी गावाच्या नावाने हाक मारीत नाही. सगळेच एका गावचे, मग गावाचे नाव घेऊन कोणाला ओळखायचे? 'कर' लागते ते गाव सोडल्यावर. पलटणीत, गोदीत, गिरणीत, रेल्वेत, शाळेत परके लोक विचारतात, "कुठला तू?" त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे 'कर'. कोकणातल्या ब्राह्मणाने ते दिले, गोव्याच्या सारस्वताने दिले, आजच्या रायगड जिल्ह्यातील बेने इस्राएलांनीही गावांवरून आडनावे घेतली. त्या रांगेत आपलाही माणूस उभा राहिला.

पण आपल्या माणसाच्या उत्तराला एक निराळी धार आहे. ज्या गावाने त्याला गावकुसाच्या आत राहू दिले नाही, त्या गावाचे नाव त्याने लावले. गावात असताना तो त्या गावचा नव्हता, महारवाड्याचा होता. गाव सोडले तेव्हा तो गावकर झाला.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरात नोंद आहे: भिवा रामजी आंबेडकर. घराण्याचे कूळ सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. शाळेतील आंबेडकर नावाच्या शिक्षकांनी आपले आडनाव या मुलाला दिले, ही हकीकत चरित्रांतून आली आहे आणि तिच्यावर चर्चाही पुष्कळ होते. मला वाटते, चर्चा आणखी एका गोष्टीची व्हायला हवी. सकपाळ हे कोकणातल्या मराठ्यांतही असलेले आडनाव. ज्याला कुळाचा मोठेपणा मिरवायचा असेल त्याला ते सोयीचे होते. रामजी सुभेदारांच्या घराने ते मागे ठेवले आणि गावाचे नाव पुढे आणले. ज्या मुलाला हे नाव लागले तो त्या गावी जन्मलाही नव्हता. तो १८९१ साली महूच्या छावणीत जन्मला होता. दोन पिढ्या पलटणीत गेलेल्या घराचे ते आडनाव आहे. त्या आडनावात निघालेली माणसे आहेत.

पुढे त्याच नावासाठी काय घडले ते आपण जाणतोच. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी केला. त्यानंतर वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. कमानीवरच्या एका नावाला साडेपंधरा वर्षे लागली. नावात काय आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी ही वर्षे मोजावीत.

५

आता एका अवघड गोष्टीकडे यायला हवे. 'कर' लावणाऱ्या आपल्या माणसांवर एक आरोप होतो: यांनी जात लपविण्यासाठी आडनाव बदलले. आरोप करणाऱ्यांत आपलेही लोक असतात. काही अंशी तो खरा आहे, हे मान्य केले पाहिजे. मी नोकरीला लागलो तेव्हा या शहरात खोली शोधत होतो. एका घरमालकाने आडनाव ऐकून चहा दिला, गाव विचारले, मग तालुका विचारला, मग गावात घर कोणत्या बाजूला ते विचारले. चहा संपेपर्यंत खोली दुसऱ्याला गेलेली होती. त्या आडनावाने मला पंधरा मिनिटांचे माणूसपण मिळवून दिले. माझ्या एका सहकाऱ्याचे आडनाव कांबळे. त्याला दारातच उत्तर मिळत असे.

बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ सालचा. तेव्हापासून आजपर्यंत कचेऱ्या बदलल्या, घरे बदलली, तो प्रश्न मात्र पुसला गेलेला नाही. लपविणाऱ्याला दोष देण्याआधी, लपवावे का लागते हे विचारले पाहिजे. आणि तरीही मला वाटते, लपवणे ही वाट फार पुढे जात नाही. आपल्याकडे आडनावाने भागले नाही तर तालुका विचारतात, तालुक्याने भागले नाही तर घराची दिशा विचारतात. जातीची चौकशी करणाऱ्याजवळ भरपूर वेळ असतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण धर्म बदलला, पण आडनावे बहुतांशी तीच ठेवली. काहींनी नंतर राजपत्रात जाहिरात देऊन नवी घेतली. कोणी बुद्धाशी नाते सांगणारी, कोणी आडनावच गाळून आईबापांची नावे लावली. या साऱ्या प्रयत्नांचा मी आदर करतो. पण बहुसंख्यांना ते परवडणारे नव्हते. जमिनीचा उतारा, नोकरीचे कागद, मुलांचे दाखले, सारे जुन्या नावावर. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या त्या १९९० मध्ये, म्हणजे ३४ वर्षांनी. त्याही जुन्या जातीचा पुरावा दिल्यावर. जे नाव टाकायचे आहे, त्याचाच पुरावा जपून ठेवायचा, या कात्रीत आपल्या तीन पिढ्या गेल्या. त्या मुलीची पिशवी म्हणजे ती कात्री आहे.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वाड्यावस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. चांगले झाले. परंतु पाटी बदलताना त्या वस्तीत कोणती कुळे राहत होती, त्यांतून कोण कधी कोठे गेले, याची नोंद आपणच ठेवली नाही तर ती कोणीही ठेवणार नाही.

६

त्या मुलीला मी शेवटी असे सांगितले. तुझी तिन्ही आडनावे खरी आहेत आणि तिन्ही एकाच घराची आहेत. पणजोबांचे 'नाक' सांगते की आपल्या लोकांची नावे स्वतःच्या वळणाची होती. आजोबांपुढचे 'महार' सांगते की लेखणी कोणाच्या हाती होती. वडिलांचे 'कर' सांगते की ते गावातून निघाले. त्या कारकुनाला तीन घराणी दिसली, कारण त्याला इतिहास कोणी शिकविला नाही. यात माझ्यासारख्या मास्तरांचाही दोष आहे.

मग आम्ही दोघे बसलो आणि वंशावळ काढली. मधला दुवा तिच्या ऐंशी वर्षांच्या चुलत आजीने दिला. तिला लिहिता येत नाही. पण घराचे कूळ, देवक, कोणाची सोयरीक कोणत्या गावी, कोण कोणत्या साली मुंबईला गेले, हे तिने एका दमात सांगितले. पणजोबांना 'नाक' लावून हाक मारीत, हेही तिला आठवत होते. शाळेच्या रजिस्टरातून जे कूळ गळाले होते ते तिच्या तोंडून कागदावर आले, पुढे प्रतिज्ञापत्रात गेले. त्या मुलीचा निकाल अजून यायचा आहे.

या नियतकालिकाच्या वाचकांत शिक्षक आहेत, कार्यकर्ते आहेत, विद्यार्थी आहेत. त्यांच्यापुढे एक काम ठेवतो. आपापल्या गावच्या जुन्या शाळेत जा. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन १९५० च्या आधीची रजिस्टरे पाहा. कित्येक ठिकाणी त्यांना वाळवी लागली आहे. आपल्या मुलांच्या नोंदी जशाच्या तशा उतरवून घ्या. चुकीच्या, अर्ध्या, अपमानास्पद असल्या तरी सुधारू नका. त्यांच्यासमोर वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांकडून कूळ, देवक आणि गाव सोडल्याचे साल लिहून घ्या. दहा गावांच्या अशा वह्या झाल्या तर एका तालुक्याचा असा इतिहास तयार होईल, जो कोणत्याही दप्तरात नाही.

रजिस्टरे थांबतील काही दिवस. म्हाताऱ्या थांबणार नाहीत. तेव्हा आधी वस्तीत जा, शाळेत नंतर.